पावती पुस्तक उघडण्याआधी दप्तर लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मार्च उजाडला की गावोगावच्या सामाजिक संस्थांची आवाहने सुरू होतात. अभ्यासिका, वाचनालय, पाळणाघर, वृद्धाश्रम. काम खरे असते, माणसे प्रामाणिक असतात, तरीही हाती पडणारी रक्कम तुटपुंजी. मग 'लोकांची दानत उरली नाही' असे म्हटले जाते. आम्हाला हे मान्य नाही. मागायला जाण्याच्या सहा महिने आधी जी तयारी व्हायला हवी ती न झाल्यामुळेच बहुतेक निधी हातचा जातो. संस्था वाचाव्यात या कळकळीने त्या तयारीबद्दल लिहीत आहोत.

सगळ्यात जास्त घोळ विश्वस्तांच्या नावांचा असतो. एक विश्वस्त वारले, एकाने राजीनामा दिला, नवे दोघे आले. सभा झाली, इतिवृत्त लिहिले गेले आणि विषय संपला. बदल अर्ज मात्र दाखल झालाच नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार बदल झाल्यापासून ९० दिवसांत हा अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. तो राहिला की नोंदणीच्या उताऱ्यावर जुनीच नावे राहतात, बँकेत सह्या बदलायला गेले की उतारा मागतात, आणि कंपनीला प्रस्ताव दिला की तिथला छाननी करणारा पहिल्याच पानावर थांबतो, कारण उताऱ्यावरचा अध्यक्ष वेगळा आणि पत्रावर सही करणारा वेगळा. दहा वर्षांचे बदल अर्ज एकदम निस्तरायला घेतले तर महिनोन्‌महिने जातात. म्हणून निधीची मोहीम ठरवण्याआधी ताजा उतारा काढून तो आजच्या कार्यकारिणीशी पडताळून पाहावा.

आयकराच्या नोंदणीचेही तसेच. १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारी) आणि ८०जी (देणगीदाराला करात वजावट देणारी) या नोंदण्या आता कायमच्या नसतात. तात्पुरती तीन वर्षांची, नियमित सहसा पाच वर्षांची. लहान संस्थांच्या १२एबी नोंदणीसाठी २०२५ मध्ये दहा वर्षांची सवलत आली, पण आपण तिच्यात बसतो का हे सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी जायला हवा. ही तारीख कार्यालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेली असावी. मुदत संपलेल्या ८०जीचा क्रमांक पावतीवर छापणे ही देणगीदाराची फसवणूक ठरते, मग ती अनवधानाने झालेली का असेना. नव्या आयकर कायद्यात (२०२५) कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा पावती पुस्तके नव्याने छापण्याआधी मजकूर लेखापालाला दाखवून घ्यावा.

पावती घेतानाच देणगीदाराचा पॅन, पॅनवर आहे तसेच नाव आणि पत्ता लिहून घ्यावा. 'नंतर फोन करून घेऊ' म्हटले की मे महिन्यात दोनशे फोन करायची पाळी येते. देणग्यांचे विवरणपत्र, म्हणजे आजवर १०बीडी म्हणून ओळखला जाणारा फॉर्म, आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत भरायचा असतो, आणि त्यातूनच देणगीदाराचे प्रमाणपत्र तयार होते. उशिराचे शुल्क दिवसाला २०० रुपये, शिवाय किमान दहा हजारांचा दंड होऊ शकतो. दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीला ८०जीची वजावट नाही, वस्तुरूप देणगीलाही नाही. नाव-पत्ता न घेता जमवलेल्या देणग्या एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या पाच टक्के, यांपैकी जे जास्त त्याच्या वर गेल्या, तर वरच्या रकमेवर तीस टक्के कर बसतो. आणखी एक गोष्ट अजून अनेकांच्या ध्यानात आलेली नाही. नवी करप्रणाली स्वीकारलेल्या पगारदाराला ८०जीचा काहीच लाभ मिळत नाही. त्यामुळे 'कर वाचवा' हे आवाहनाचे पहिले वाक्य करू नये.

आता खरा कळीचा मुद्दा, खर्चाचा हिशेब. तीस मुलांची एक अभ्यासिका घ्या. दोन शिक्षिकांचे मानधन दरमहा प्रत्येकी ९,०००, दहा महिन्यांचे १,८०,००० रुपये. खाऊ रोज मुलामागे दहा रुपये, महिन्याला बावीस दिवस, दहा महिन्यांचे ६६,०००. वह्या-पुस्तके मुलामागे ५००, म्हणजे १५,०००. इथवर बेरीज २,६१,०००, मुलामागे ८,७०० रुपये. आवाहनात नेमका हाच आकडा छापला जातो: 'एका मुलाचे वर्षभराचे पालकत्व ८,७०० रुपये.' पण खोलीचे भाडे बारा महिने भरावे लागते, ४,००० प्रमाणे ४८,०००. वीज-पाणी १२,०००. हिशेबनीस, लेखापरीक्षण, फोन, प्रवास यांचा वाटा ४०,०००. खरा खर्च ३,६१,०००, म्हणजे मुलामागे १२,००० च्या थोडा वर. तीसही मुलांना पालक मिळाले, संस्थेने आनंदाने फलक लावला, तरी वर्षाअखेरीस एक लाखाचा खड्डा पडणारच. तो भरला जातो शिक्षिकेचे मानधन थकवून, आणि दोन वर्षांत ती सोडून जाते.

'आमचा प्रशासकीय खर्च शून्य' असे अभिमानाने सांगणाऱ्या संस्थांना आमची हात जोडून विनंती आहे की हे वाक्य पुसून टाका. दिवा, झाडू, हिशेब आणि भाडे हाही मुलाच्या शिक्षणाचाच खर्च आहे. देणगीदाराला तसा मांडून दाखवला तर तो समजून घेतो. लपवलेला खर्च त्याने स्वतः शोधून काढला, तर मात्र तो परत येत नाही.

हिशेब झाला की रकमेची वाटणी करावी. साडेतीन लाख 'समाजाकडून' येत नाहीत, नावानिशी माणसांकडून येतात. एक देणगी ७५,००० ची, दोन ४०,००० च्या, पाच १५,००० च्या, बारा ५,००० च्या आणि प्रत्येकी एक हजाराच्या सत्तर: नव्वद देणगीदारांत ३,६०,००० होतात. एका होकारामागे तीन-चार जणांना भेटावे लागते असे धरले, तर यादी तीनशे नावांची हवी. विश्वस्तांनी एकत्र बसून ती वहीत लिहून काढावी. नावापुढे ओळख कोणाची, किती मागायचे, कोण भेटणार, कधी. पहिल्या ओळींत विश्वस्तांची स्वतःची देणगी असावी, रक्कम लहान असली तरी चालेल. 'तुम्ही स्वतः किती दिलेत?' हा प्रश्न मोठा देणगीदार कधी ना कधी विचारतोच.

मोठी देणगी पत्रकाने मिळत नाही, भेटीने मिळते. भेटीला दोघांनी जावे, सोबत दोन पानी टिपण आणि गेल्या वर्षीचा लेखापरीक्षित ताळेबंद. रक्कम स्पष्ट उच्चारावी: 'आम्हाला आपल्याकडून पंधरा हजारांची अपेक्षा आहे.' 'यथाशक्ती द्या' म्हटले की पाचशे एक रुपये मिळतात, कारण समोरच्याला अंदाजच दिलेला नसतो. रक्कम सांगितली की गप्प बसावे. आपल्याकडे भिडेपोटी इथेच घाई होते, आणि 'नाही जमले तरी चालेल' हे वाक्य आपणच बोलून जातो.

लहान देणगीला कोणी कमी लेखू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'रयत' शिक्षण संस्थेला मुष्टिफंडातल्या मूठमूठ धान्याचा आधार होता. अंताजी दामोदर काळे यांच्या, पैसा-पैसा गोळा करणाऱ्या पैसा फंडातून तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. मागणी छोटी, ठरावीक आणि नेमाची. आज तेच काम बँकेची स्थायी सूचना किंवा यूपीआयचे ऑटोपे करते. दरमहा ३०० रुपये देणारी शंभर माणसे जोडली तर वर्षाचे ३,६०,००० होतात, म्हणजे वरच्या अभ्यासिकेचा जवळजवळ सगळा खर्च. मार्चची धावपळ टाळण्याचा याहून भरवशाचा मार्ग आम्हाला माहीत नाही.

कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक दायित्व) निधीकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खालचा हा पैसा बाहेरच्या संस्थेला मिळवायचा, तर सीएसआर-१ ही कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची नोंदणी, आयकराच्या नोंदण्या आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव सहसा लागतोच. पैसे हप्त्यांत येतात, पुढचा हप्ता अहवाल आणि खर्चाच्या बिलांवर अवलंबून असतो. तेव्हा निदान तीन महिने पगार भागेल एवढी शिल्लक हाताशी नसेल, तर मोठ्या प्रकल्पात उडी घेऊ नये. एकाच कंपनीवर सत्तर-ऐंशी टक्के काम उभे असेल, तर तिचे धोरण बदलताच संस्था बसते. एकतृतीयांशाहून जास्त भार कोणा एकावर नको.

परदेशी पैशाबाबत चूक फार सहज होते. अमेरिकेतल्या भाच्याने गावच्या शाळेसाठी पन्नास हजार पाठवले. भाचा अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःची बचत बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी नव्हे. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय वंशाच्या व्यक्तीचे) कार्ड असूनही ती परदेशी देणगीच, आणि एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय स्वीकारता येत नाही. नोंदणी असली तरी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. म्हणून नाते नव्हे, पासपोर्ट विचारावा. आणि नोंदणी नसेल तर संकेतस्थळावरच्या देणगीच्या बटणावर परदेशी कार्डे बंद आहेत ना, हे आजच तपासावे.

पैसे आल्यावर दोन दिवसांत आभाराचा फोन, आठवड्यात पावती, सहा महिन्यांनी एक पानी अहवाल: किती मुले आली, किती गळाली, का गळाली. हा अहवाल हातात पडेपर्यंत दुसऱ्यांदा मागायला जाऊ नये.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. संस्थांची आवाहने आपण आपुलकीने छापता. त्यासोबत चार ओळींची चौकट सक्तीची करावी: नोंदणी क्रमांक, ८०जीची मुदत, गेल्या वर्षीचा लेखापरीक्षित खर्च आणि एका लाभार्थ्यामागचा पूर्ण खर्च. चौकट भरता न आलेल्या संस्थेचे आवाहन नाकारू नये, कागद पुरे होईपर्यंत थांबवून ठेवावे आणि काय अपुरे आहे ते तिला लेखी कळवावे.

आपले,
संस्थांच्या हिशेब व निधी संकलनाच्या कामातील काही कार्यकर्ते, पुणे