पोलॉकच्या आधी सगळी कॉपीच?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवार पुरवणीतला चित्रकलेवरचा लेख वाचला, छान होता, पण त्यात मध्येच एक वाक्य टाकून दिलंय की पोलॉकच्या (म्हणजे कॅनव्हासवर रंग शिंपडणारा विसाव्या शतकातला अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक) आधी अमेरिकेत जे काही रंगवलं गेलं ती युरोपची कॉपी. हे काही पटलं नाही बुवा. शिकायला पॅरिसला जायचे हे मान्य, अमेरिकन चित्रकार थॉमस एकिन्सही गेला होताच, पण फिलाडेल्फियाला परतल्यावर 1875 मध्ये त्याने ‘द ग्रॉस क्लिनिक’ काढलं ते एकदा नेटवर झूम करून बघा.

आठ फूट उंच चित्र. डॉ. सॅम्युअल ग्रॉस ऑपरेशन करता करता थांबून उभे आहेत, हातात स्कालपेल, बोटं रक्ताने माखलेली. पेशंटचा चेहरा दिसतच नाही, नुसती कापलेली मांडी आणि पायात मोजे. मागे एक बाई, बहुतेक त्याची आई, हाताने तोंड झाकून आक्रसून बसलीय. आणि सगळे डॉक्टर चक्क काळ्या कोटात, जसे काही घरून निघाले ते थेट कापायलाच उभे राहिले! आता शेजारी एकिन्सचंच 1889 चं ‘द अ‍ॅग्न्यू क्लिनिक’ ठेवा. इथे डॉक्टर पांढऱ्या कपड्यात, बाजूला पांढऱ्या टोपीतली नर्स. हातमोजे मात्र अजूनही कोणाच्याच हातात नाहीत. मधल्या 14 वर्षांत जंतूंचं प्रकरण डॉक्टरांच्या किती गळी उतरलं आणि किती राहिलं ते या दोन चित्रांत सरळ दिसतं. ही कॉपी असेल तर कोणाची ते सांगा.

1876 च्या फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात कला विभागाने ‘ग्रॉस क्लिनिक’ घेतलंच नाही, रक्त बघून बिचकले असणार, मग ते लष्करी हॉस्पिटलच्या नमुना वॉर्डात लागलं. पुढे मेडिकल कॉलेजने 200 डॉलरला घेतलं. तेच 2006 मध्ये 6 कोटी 80 लाख डॉलरला शहराबाहेर जायला निघालं तेव्हा फिलाडेल्फियाकरांनी धावपळ करून तेवढे पैसे उभे केले, आणि गंमत म्हणजे त्यासाठी तिथल्या आर्ट अकादमीने स्वतःकडचं एकिन्सचं दुसरं चित्र विकलं.

त्याचाच विद्यार्थी हेन्री टॅनर. 1893 चं ‘द बँजो लेसन’, कृष्णवर्णीय म्हातारा माणूस नातवासारख्या पोराला बँजो शिकवतोय. तेव्हा स्टेजवर कृष्णवर्णीय माणूस आणि बँजो म्हणजे हमखास टिंगल, इथे दोघांचंही लक्ष फक्त तारांवर. लेखात त्याचं नावसुद्धा नाही, हे जरा जास्तच झालं.

पुढच्या वेळी एकिन्सची ती दोन्ही क्लिनिक शेजारी शेजारी छापा, आणि प्लीज, पोस्टाच्या तिकिटाएवढी नको, मोजे दिसले पाहिजेत.

आपला,
एक जुना वाचक