पीएच.डी.ची खरी परीक्षा प्रवेशानंतर हवी

महोदय,

पीएच.डी. प्रवेशासाठी विद्यापीठांच्या ‘पेट’ या प्रवेशपरीक्षेऐवजी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण धरण्याचा निर्णय विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मार्च २०२४ मध्ये घेतला. नेटला सत्तर टक्के वजन, मुलाखतीला तीस. त्याच जूनमध्ये यूजीसी-नेट झाली आणि दुसऱ्या दिवशी रद्द झाली, विज्ञान विषयांची सीएसआयआर-नेट पुढे ढकलली गेली आणि सारी चर्चा पेपरफुटीभोवती फिरू लागली. ती व्हायलाच हवी होती. पण पेट असो वा नेट, परीक्षा संशोधन सुरू होण्याआधीच उरकते. पुढची चार-पाच वर्षे त्या विद्यार्थ्याला विषय येतो का, हे कुणी धडपणे विचारत नाही. मला लिहायचे आहे ते याबद्दल.

सागरी विज्ञानाचे उदाहरण घेतो, कारण तिथे हे सर्वांत जास्त जाणवते. समुद्राचा अभ्यास म्हणजे भौतिकी, रसायन, जीवशास्त्र आणि भूशास्त्र एकदमच. आमच्या सातारा-सांगलीकडची मुले त्यात शिरतात ती झूऑलॉजी नाही तर केमिस्ट्रीची एम.एस्सी. करून. झूऑलॉजीची मुलगी सीएसआयआर-नेटचा जीवशास्त्राचा पेपर देते : तीन तास, दोनशे गुण, पर्यायी उत्तरे, चुकले की गुण वजा. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली की गोव्याला दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे दार तिला खुले होते. भरतीचे गणित किंवा खाऱ्या पाण्याची घनता यांबद्दल तोवर तिला कुणी काही विचारलेले नसते. सीएसआयआर-नेटच्या ज्या वेगळ्या पेपरात महासागर आहे, त्यात तो भूशास्त्र, हवामान आणि ग्रहगोलांच्या शेजारी दाटीवाटीने बसलेला आहे. मुलीचा यात काही दोष नाही. तिने जे विचारले ते लिहिले.

समुद्र आपल्यापासून लांब आहे, असे म्हणणाऱ्यांना मी कोयनेकडे बोट दाखवतो. कोयना धरणाच्या शिवाजीसागराचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला उतरते, पोफळीला वीज करते, कोळकेवाडीहून वाशिष्ठीत येते आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. हे पाणी मुळात कृष्णेचे. कराडच्या प्रीतिसंगमावरून बंगालच्या उपसागराकडे जायचे. कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात आटतात, तेव्हाही वाशिष्ठीला गोडे पाणी असते, तेही विजेच्या मागणीप्रमाणे कमी-जास्त. लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीचे सांडपाणीही याच खाडीत येते. आता विद्यार्थ्याला विचारा : एप्रिलमधल्या अमावास्येच्या भरतीला या खाडीत खारे पाणी कुठवर चढेल? वीजगृह बंद असताना आणि चालू असताना काय फरक पडेल, आणि तिथल्या शिंपल्यांना (तिसऱ्यांना) आणि खेकड्यांना तो सोसेल का? याला चार पर्याय देता येत नाहीत. फळ्यावर आकृती काढावी लागते, अंदाज बांधावा लागतो, अडल्यावर ‘हे मोजावे लागेल, असे मोजेन’ म्हणावे लागते. संशोधक होणार की नाही, ते तिथे कळते.

अमेरिकेत स्क्रिप्स किंवा वूड्स होलसारख्या समुद्रविज्ञानाच्या जुन्या संस्थांत अशी परीक्षा पहिल्या एक-दोन वर्षांत द्यावी लागते. प्रबंधाचा विषय खेकडा असला, तरी प्रवाहांबद्दल विचारतात. चार-पाच प्राध्यापकांची समिती समोर बसते आणि आपल्याच गाइडचा तिथे फारसा आधार नसतो. बिघडले तर साधारणपणे आणखी एक संधी, तीही गेली तर एम.एस. ही पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर. परदेशाचे कौतुक नको असेल, तर आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था इथेही अशी सर्वंकष (कॉम्प्रिहेन्सिव्ह) परीक्षा असते.

आपल्या राज्य विद्यापीठांत कागदावर काही कमी नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत किमान बारा क्रेडिटचे कोर्सवर्क आहे, त्यात ५५ टक्क्यांची अट आहे, संशोधन सल्लागार समितीसमोर दर सत्राला सादरीकरण आहे. पण कोर्सवर्कमध्ये संशोधनपद्धतीचा तोच तास प्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर) काम करणाऱ्यालाही आणि सहकारी पतसंस्थांवर काम करणाऱ्यालाही. सल्लागार समितीच्या बैठकांना मी वर्षानुवर्षे बसलो आहे. वीस स्लाइड, चहा-बिस्किटे, ‘प्रगती समाधानकारक’ आणि सह्या. एखाद्याने आडवा प्रश्न विचारलाच, तर उत्तर गाइड देतो!

यात सगळा आळसच आहे असे मात्र नाही. त्याच नियमांनी पीएच.डी.आधीची एम.फिल. ही पदवी बंद झाली. मधेच थांबणाऱ्याला हाती द्यायला आता काहीच उरलेले नाही. तीन वर्षे घालवलेल्या, घरच्यांनी सोयरिकी थांबवून ठेवलेल्या मुलीला ‘तू थांब’ कोण सांगणार? मग सगळेच पास होतात आणि जड प्रबंधांची कपाटे भरतात. सागरी संशोधनात तर जहाजाची फेरी आणि तिथले यंत्रांचे तास हा मोठा सार्वजनिक खर्चही त्यात जातो.

तोंडी परीक्षेत वशिला चालेल, इंग्रजी न फुटणारी आमच्याकडची मुले मागे पडतील, ही भीती मला खोटी वाटत नाही. म्हणून परीक्षक निम्मे बाहेरचे असावेत, प्रश्न आणि शेरे लेखी नोंदवावेत, उत्तर मराठीत द्यायची मुभा असावी आणि दुसरी संधी हक्काची असावी. नापास झालेल्याला कोर्सवर्क आणि केलेल्या कामावर एखादी पदविका द्यावी.

यासाठी नवी यंत्रणाही लागत नाही. जेआरएफला दोन वर्षे झाली की फेलोशिप ३७ हजारांवरून ४२ हजारांवर नेताना बाहेरच्या तज्ज्ञासह मूल्यमापनाची बैठक घ्यावीच लागते. हीच बैठक दोन तासांची करावी, स्लाइड बंद ठेवाव्यात, फळा आणि खडू द्यावा. फेलोशिप नसलेल्यांनाही ती लागू करावी आणि गाइडने त्या वेळी खोलीबाहेर बसावे.

– एक निवृत्त प्राध्यापक, कराड (जि. सातारा)