टर्बो मोटारींचे स्पार्क प्लग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एक लिटरच्या आसपासच्या टर्बो पेट्रोल मोटारी आता सर्रास दिसतात. मात्र त्यांचे स्पार्क प्लग बदलताना अनेक गॅरेजांत साध्या इंजिनाचीच सवय चालते. टर्बो इंजिनात जादा हवा दाबून भरतो, त्यामुळे सिलिंडरमधील दाब वाढतो आणि ठिणगीला प्लगच्या टोकांमधील फट ओलांडण्यासाठी अधिक व्होल्टेज लागते, म्हणून फट प्रमाणापेक्षा जास्त राहिली तर घाट चढताना इंजिन मिसफायर होऊ लागते, म्हणजे मध्येच इंधन पेटत नाही, व न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन धूर शुद्ध करणारा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करू शकते. उष्णता-श्रेणीचा, म्हणजे प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो हे सांगणारा, आकडाही फसवा आहे: एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये मोठा आकडा थंड (उष्णता लवकर टाकणाऱ्या) प्लगचा, तर बॉश कंपनीच्या प्लगमध्ये गरम प्लगचा. नुसते आकडे जुळवून पर्यायी प्लग देणे म्हणूनच धोक्याचे. बसवलेल्या प्लगचा पूर्ण क्रमांक गॅरेजने बिलावर लिहावा, म्हणजे ग्राहकाला तो मोटारीच्या माहितीपुस्तिकेशी ताडून पाहता येईल.

– एक वाचक, पुणे