इंडियानाचे आक्रमण आणि मी न पाठवलेल्या आकृत्या

ब्लूमिंग्टन, इंडियाना

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. आपल्याच कॉलेजच्या मुलांना तू आता बास्केटबॉल शिकवू लागला आहेस, हे वाचून फार बरे वाटले. मात्र ‘इंडियाना विद्यापीठाच्या मोशन ऑफेन्समधल्या चालींच्या आकृत्या काढून पाठव’ ही तुझी मागणी मला पुरी करता येणार नाही. हा माझा आळस नव्हे. विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉब नाइट यांनी १९७१ पासून २००० पर्यंत या गावात अर्ध्या मैदानातले जे आक्रमण, म्हणजेच मोशन ऑफेन्स, शिकवले, त्याचा गाभा पाठ केलेल्या चालींचा नव्हताच. आपण ‘एक नंबर’, ‘दोन नंबर’ असे ओरडून ठरल्या जागी धावत असू आणि उत्तरार्धात समोरच्यांनी चाल ओळखली की आपली पंचाईत होई, हे तुला आठवत असेल. इथे ओळखायला चालच नसते. पाचही जणांना मोजके नियम दिलेले असतात आणि पुढचे पाऊल ज्याने त्याने आपल्या अंगावरचा बचावपटू पाहून ठरवायचे असते.

नियम तसे साधेच आहेत. एकमेकांत पंधरा ते अठरा फुटांचे अंतर राखावे, म्हणजे एका बचावपटूला दोघांवर नजर ठेवता येत नाही. पास दिला की तिथेच उभे राहू नये. एक तर बास्केटकडे कट मारावा, म्हणजे एकदम झेप घेऊन धावावे, नाही तर चेंडूपासून लांब असलेल्या सोबत्यासाठी स्क्रीन लावावा, म्हणजे त्याच्या बचावपटूच्या वाटेत आडवे उभे राहावे. एका बाजूला काही जमत नसेल तर चेंडू वरून दुसऱ्या बाजूला फिरवावा, कारण तोवर सगळा बचाव पहिल्या बाजूला झुकलेला असतो आणि त्याला सावरायला एखादे पाऊल जास्तच लागते. ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेणे, काही कारण असेल तरच करावा.

खरे कसब स्क्रीनपाशी आहे, म्हणून तेवढे सविस्तर लिहितो. कट मारणारा आधी आपल्या बचावपटूला रमतगमत बास्केटच्या दिशेने घेऊन जातो, सोबती येऊन पाय रोवून उभा राहीपर्यंत थांबतो, आणि मग त्याच्या खांद्याला खांदा घासून असा निघतो की मधून वारासुद्धा जाऊ नये. त्या क्षणी त्याने चेंडूकडे न पाहता बचावपटूकडे पाहायचे असते. बचावपटू पाठीमागून फरफटत येत असेल तर स्क्रीनला वळसा घालून सरळ बास्केटकडे जायचे. तो स्क्रीनच्या आतल्या बाजूने आडवाटेने पुढे निघाला तर उलट बाहेर सरकून मोकळा शॉट घ्यायचा. आणि आधीच पुढे होऊन वाट अडवून बसला तर त्याच्या पाठीमागून बास्केटखाली शिरायचे. दोन्ही बचावपटूंनी माणसे बदलली, तर स्क्रीन लावणाऱ्यानेच चेंडूकडे वळून आत घुसायचे. स्क्रीन लावणे म्हणजे दुसऱ्यासाठी हमाली, असे आपण समजत होतो. प्रत्यक्षात कित्येकदा मोकळा सापडतो तो स्क्रीन लावणाराच.

३० मार्च १९८७ चा न्यू ऑर्लिन्समधला, इंडियाना आणि सिरॅक्यूज या विद्यापीठांमधला राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना मुलांना अवश्य दाखव. महाविद्यालयीन सामन्यांत तीन गुणांची रेषा देशभर लागू झाली ते पहिलेच वर्ष होते आणि इंडियानाच्या स्टीव्ह अल्फोर्डने त्या दिवशी रेषेबाहेरून सात बास्केट केले. शेवटच्या अर्ध्या मिनिटात सिरॅक्यूज ७३-७२ असे पुढे असताना त्यांचा फ्री थ्रो हुकला आणि चेंडू इंडियानाकडे आला; टाइम-आउट मात्र इंडियानाने मागितला नाही. अल्फोर्डला मोकळीक मिळत नव्हती. त्याचा सोबती कीथ स्मार्ट याने चेंडू आत डॅरिल थॉमसकडे दिला आणि स्मार्ट स्वतः डावीकडे बेसलाइनच्या, म्हणजे बास्केटमागच्या शेवटच्या रेषेच्या, दिशेने सरकला. थॉमसने शॉटची हूल दिली, पण त्याच्यावरचा सिरॅक्यूजचा बचावपटू डेरिक कोलमन फसला नाही. तेव्हा थॉमसने ओढाताण न करता चेंडू परत स्मार्टकडे दिला आणि त्याने उडी घेऊन बास्केट केला : ७४-७३. हा क्रम कुणी आधी फळ्यावर काढून ठेवलेला नव्हता. सगळे जण स्मार्टचा शॉट पुन्हा पुन्हा पाहतात. मला थॉमसचा तो परतीचा पास जास्त मोलाचा वाटतो.

त्याआधी १९७६ मध्ये याच विद्यापीठाने ३२ पैकी ३२ सामने जिंकून विजेतेपद मिळवले होते. मिशिगनविरुद्धच्या अंतिम सामन्यात बॉबी विल्करसन सुरुवातीलाच जखमी होऊन बाहेर गेला आणि पूर्वार्धात संघ २९-३५ असा मागे होता. उत्तरार्धात त्यांनी ५७ गुण करून सामना ८६-६८ असा जिंकला. नाइट यांच्या संतापी स्वभावाचे, भर सामन्यात मैदानात फेकलेल्या खुर्चीचे मात्र अनुकरण करू नकोस, एवढे हक्काने सांगतो.

एक अडचण तुला येईल. १९७६ मध्ये महाविद्यालयीन सामन्यांत शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घेण्याची वेळमर्यादा मोजणारे घड्याळ, नव्हते आणि १९८७ मध्ये ते ४५ सेकंदांचे होते, त्यामुळे चेंडू निवांत फिरवता येई. तुझ्या मुलांना २४ सेकंदच मिळणार, आणि चेंडू पुढे आणण्यात सहा-सात गेले तर उरतात सतरा-अठरा. तेवढ्यात बाजू एकदा, फार तर दोनदा बदलून होईल. म्हणून अंतर आणि स्क्रीन या दोनच गोष्टी पक्क्या करून घे. पहिले पंधरा दिवस अर्ध्या मैदानात तिघांविरुद्ध तिघे खेळव आणि ड्रिबल संपूर्ण बंद ठेव. मुले वैतागतील, पास चुकतील, दोघे एकाच कोपऱ्यात येऊन धडकतील. तू शिट्टी वाजवलीस की कट मारणाऱ्याला एवढेच विचार, ‘तुझा बचावपटू कुठे होता?’ उत्तर आले नाही तर खेळ तिथूनच पुन्हा सुरू कर.

पंधरा दिवसांनी काय झाले ते सविस्तर कळव, आणि जमल्यास मोबाइलवर थोडे चित्रीकरण करून पाठव. कॅमेरा मात्र चेंडूच्या मागे फिरवू नकोस, पाचही जण दिसतील असा उंचावर ठेव. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
जुना डावा गार्ड