आउटपुट आले म्हणजे प्रोग्रॅम बरोबर नव्हे

महोदय,

सोलापुरातल्या महाविद्यालयांत सी प्लस प्लसच्या प्रात्यक्षिकाला पडद्यावर आउटपुट दिसले की बहुतेकदा जर्नलवर सही होते. मेमरीच्या चुका त्या आउटपुटमागेच दडून राहतात.

नेहमीचे उदाहरण घ्या. 'विद्यार्थी' क्लासमध्ये नावासाठी कॅरेक्टर पॉइंटर, म्हणजे नाव मेमरीत जिथे आहे त्या जागेचा पत्ता, आहे. ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कन्स्ट्रक्टरने न्यू वापरून जागा घेतली, तो संपताना चालणाऱ्या डिस्ट्रक्टरने डिलीटने सोडली. मग ऑब्जेक्ट एखाद्या फंक्शनला व्हॅल्यूने, म्हणजे त्याची कॉपी करून, पाठवला. ही कॉपी बनवणारा कॉपी कन्स्ट्रक्टर लिहिलेला नसला की कंपायलर स्वतःचा वापरतो आणि तो नाव नव्हे, नावाचा पत्ता उतरवतो. फंक्शन संपताच कॉपीचा डिस्ट्रक्टर ती जागा सोडून देतो. त्यानंतर मूळ ऑब्जेक्टचे नाव छापले तर कधी बरोबर येते, कधी कचरा. मेन संपताना तीच जागा पुन्हा सोडली जाते. लिनक्सवर 'डबल फ्री' (एकच जागा दोनदा सोडली) असा संदेश देऊन प्रोग्रॅम बंद पडतो. डॉसवरच्या जुन्या टर्बो सी प्लस प्लस कंपायलरमध्ये बहुधा काहीच दिसत नाही, कारण डॉसमध्ये मेमरीला संरक्षणच नाही. 'लॅबमध्ये चालला, घरी चालत नाही' या तक्रारीचे मूळ अनेकदा इथे असते.

डिलीटनंतर पॉइंटर नल (रिकामा) केला की भागले, असे मुलांना वाटते. पण दुसऱ्या ऑब्जेक्टमधला पॉइंटर जुनाच पत्ता धरून बसलेला असतो. फंक्शनला कॉन्स्ट रेफरन्स (कॉपी न करता मूळ ऑब्जेक्टच, पण न बदलण्याच्या अटीवर) दिला तर तेवढा कॉल वाचतो, क्लास दुरुस्त होत नाही. त्यासाठी कॉपी कन्स्ट्रक्टर आणि असाइनमेंट ऑपरेटर (एका ऑब्जेक्टमध्ये दुसरा भरताना चालणारा) दोन्ही लिहावे लागतात. असाइनमेंटमध्ये क्रम महत्त्वाचा: ऑब्जेक्ट स्वतःलाच तर दिला नाही ना हे पाहा, नवी जागा घ्या, मजकूर उतरवा, मगच जुनी सोडा. जागा स्ट्रलेन (मजकुराची लांबी) अधिक शेवटच्या खुणेसाठी 1 हवी. इंग्रजीत 'सोलापूर' 7 अक्षरी, पण लागतात 8 बाइट. न्यूला चौकटी कंस असेल तर डिलीटलाही हवा. बेस (मूळ) क्लासच्या पॉइंटरने त्यावरून बनवलेल्या डिराइव्ह्ड क्लासचा ऑब्जेक्ट डिलीट करायचा असेल तर बेसचा डिस्ट्रक्टर व्हर्च्युअल ठेवा.

हे सगळे पॉइंटर शिकवताना करून घ्यावेच. एरवी जागा स्वतःच सांभाळणारे स्टँडर्ड स्ट्रिंग आणि व्हेक्टर वापरायला लावावे, म्हणजे यातले बहुतेक लिहावेच लागत नाही.

चूक शोधायला लिनक्सवरच्या जीसीसी कंपायलरमध्ये ॲड्रेस सॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारे साधन मोफत आहे. कंपाइल करताना 'एफसॅनिटाइझ इक्वल टू ॲड्रेस' (-fsanitize=address) आणि सोबत 'जी' (-g) हे पर्याय द्यायचे. सुटलेली जागा वाचली गेली की ती कुठे वाचली, कुठे सोडली आणि कुठे घेतली होती, ही तिन्ही ठिकाणे ओळ क्रमांकासह दिसतात. मुले पहिलेच ठिकाण पाहून तिथे डागडुजी करतात; कारण बहुधा दुसऱ्या ठिकाणी असते.

विभागप्रमुखांना व परीक्षकांना विनंती, की सही करण्यापूर्वी प्रत्येक प्रोग्रॅम एकदा या पर्यायांसह समोर चालवून घ्यावा आणि अहवाल आला तर त्यातली 'सोडली' ची ओळ विद्यार्थ्यालाच समजावून सांगायला लावावी.

– संगणकशास्त्राचे एक शिक्षक, जुळे सोलापूर