सड्यावरच्या गाड्या वेशीवरच थांबवाव्यात

महोदय,

कातळशिल्पे (खडकावर कोरलेली प्राचीन चित्रे) आणि पावसाळी फुले पाहण्यासाठी कोकणातील सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, पर्यटकांची गर्दी वाढत आहे. तिचे नियोजन आताच व्हावे, यासाठी हे पत्र.

स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावरील काबो दे गाता-निहार हे निसर्ग उद्यान अलीकडेच पाहिले. वर्षाकाठी जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस, सुमारे दीड कोटी ते ८० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचे उघडे खडक आणि खुरटी झुडपे. इथे पाहायचे तरी काय, असे वाटावे असा हा मुलूख. तरीही त्याला १९८७ मध्ये संरक्षण मिळाले आणि आतील गावे, मासेमारी व मिठागरही टिकून राहिले. (उद्यानाला भिडलेली प्लास्टिकची हरितगृहे पाहता तेथेही सारे आलबेल नाही, हे खरे.) सान होसे गावाकडून मोन्सुलच्या पुळणीकडे जाणारा रस्ता कच्चाच ठेवला आहे, आणि उन्हाळ्यात तेथील वाहनतळ भरला की पुढे गाडी सोडत नाहीत, बसने जा, नाहीतर पायी. आम्ही पायपीट केली. वाळूतून वर आलेला, फुटू पाहणाऱ्या लाटेसारखा वाकलेला लाव्ह्याचा खडक मग निवांत पाहता आला.

आपल्या जांभ्याखालचा काळा पाषाण तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. रत्नागिरीत ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असला, तरी सड्यावर माती नावापुरतीच असल्याने तो वाहून जातो आणि शिमग्यापर्यंत कातळ तापू लागतो. खळग्यांतील त्या बोटभर मातीतच श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवे आणि गेंद फुलतात. गेल्या पावसाळ्यात एका सड्यावर नेमक्या अशाच फुललेल्या खळग्यांतून गाड्यांच्या चाकोऱ्या गेलेल्या दिसल्या. कशेळीच्या भव्य हत्तीसह येथील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आली आहेत, त्यामुळे वर्दळ वाढणारच.

बरेचसे सडे खासगी मालकीचे असल्याने जमीनमालकांना विश्वासात घेऊन ग्रामसभांनी वाहनतळ डांबरी रस्त्यालगतच ठेवावा, शुल्क ग्रामपंचायतीने घ्यावे आणि ज्येष्ठांसाठी गावातील रिक्षांना ठरलेल्या वाटेनेच फेऱ्या करू द्याव्यात. जिल्हा प्रशासनाने येत्या पावसाळ्यापूर्वी निदान कशेळी आणि देवाचे गोठणे येथे तरी ही व्यवस्था सुरू करावी, ही विनंती.

– एक वाचक, राजापूर (जि. रत्नागिरी)