गाडगेबाबांचं गाडगं आणि आपली घरं

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

पौष महिन्यातल्या रविवारी आमच्याकडे ऋणमोचनची यात्रा असते, भातकुली तालुक्यात, पूर्णा नदीच्या काठी. लहानपणी मायसोबत बैलगाडीनं जायचो, आता मोटरसायकलनं जातो. यावर्षी नदीवर दर्शन करून घाटाच्या पायरीवर बसलो आणि खिशातला मोबाईल वाजला, हप्ता थकला आहे ताबडतोब भरा म्हणून. गावाचं नावच ऋणमोचन आणि तिथं बसून मी कर्जाचा मेसेज वाचतोय. तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते लिहून पाठवतो, जमलं तर छापा.

हा घाट बांधायला गाडगेबाबा स्वतः राबले होते. १९०५ साली घर सोडलं तेव्हा त्यांच्याजवळ काय होतं, अंगावर चिंध्या, हातात काठी आणि एक फुटकं गाडगं, त्यातच भाकर घ्यायची त्यातच पाणी प्यायचं. पुढं पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं धर्मशाळा उभ्या राहिल्या, लोकांनी लाखोंनी पैसे दिले, पण एक खोली बाबांनी स्वतःसाठी ठेवली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ रस्त्यातच गेले, गाडीत. ज्या माणसाच्या नावानं आज अमरावतीचं विद्यापीठ आहे त्याच्या नावावर घर नव्हतं, हे मला राहून राहून आठवतं.

आता माझं सांगतो. २०१७ ला बोंडअळीनं आमच्याकडचा कापूस खाल्ला, हे सगळ्यांना माहीत आहे. पुढच्याच वर्षी मोठ्या मुलीचं लग्न आलं. भावकीत सगळ्यांनी मोठी लग्नं केलेली, म्हणून मीही एका फायनान्सवाल्याकडून साडेतीन लाख उचलले. मंडप, डीजे, ड्रोनची शूटिंग, आंदणात फ्रिज, सोफा, कपाट. कोणी मागितलं नव्हतं साहेब, व्याही भला माणूस आहे, मीच म्हटलं लोक काय म्हणतील. दोन वर्षं हप्ते बरे गेले मग थकले, मग वसुलीवाला पोरगा येऊन ओट्यावर बसायला लागला आणि बायकोनं शेजाऱ्यांच्या नजरेला लाजून पुढचं दार लावून घ्यायला सुरुवात केली. आणि लग्नात काय काय होतं ते आज गावात एकाला विचारा, कोणाला आठवत नाही.

गाडगेबाबा कीर्तनात हेच तर ओरडून ओरडून सांगत होते, कर्ज काढून सण करू नका, लग्नात पैसा उडवू नका, ताट मोडा हातावर भाकर घेऊन खा पण पोराला शाळेत घाला. आपण त्यांचा फोटो लावला, हार घातला, आणि हेच तेवढं सोडून दिलं. तुकोबांनी सावकारीचे स्वतःच्या वाटणीचे कागद इंद्रायणीत सोडून दिले, म्हणजे दुसऱ्याकडून येणं होतं तेही सोडलं, आणि आपण नसलेला पैसा आणून सोफा घेतो.

माझी माय निरक्षर होती. ज्वारी दळायला काढली की पहिला पसा बाजूला काढायची, दारावर जो येईल त्याचा. बोंडअळीच्या वर्षीसुद्धा तो पसा तिनं बंद केला नाही. मी चिडलो तर म्हणे, "जेवढं हाये तेवढ्यात भागव, त्यानं आजपर्यंत उपाशी झोपवलं का?" तेव्हा मला तो अडाणीपणा वाटला. आता कळतं की तिचा भरोसा खरोखर देवावर होता आणि माझा कपाटावर, नवस मात्र मीच जास्त बोलायचो.

कोणी म्हणेल, मग काय गरिबीतच राहायचं? नाही. ज्याच्या घरात खायला नाही त्याला साधेपणा शिकवणारा माणूस मला आवडत नाही. दवाखाना, शाळा, विहीर यासाठी कर्ज काढावं लागतं, शेतकऱ्याला तर दरवर्षी बियाण्यासाठी काढावं लागतं. आणि देवावर भरोसा म्हणजे हात बांधून बसणंही नाही, बाबा ज्या गावात जात तिथं दिवसभर झाडू मारत आणि रात्री कीर्तन करत. मी बोलतोय ते फक्त दाखवायला काढलेल्या कर्जाबद्दल, आणि त्यात माझ्यासारखे गावोगावी आहेत.

धाकटीचं लग्न या वैशाखात ठरलं आहे. पोरगा तालुक्याला मेकॅनिक आहे. मी घाबरत घाबरत व्याह्यांना सांगितलं की रजिस्टर करू, घरच्या अंगणात पन्नास माणसं, वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी, आंदण काही नाही. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, बरं झालं तुम्हीच बोललात, मी कर्जाची फाईल करायला दिली होती, उद्याच परत आणतो.

आपला एक वाचक,
दर्यापूर तालुका, जि. अमरावती